गालातली आवळकाठी

“पोरी, तुज्या तोंडात ओल न्हाई,” हौसामावशी म्हणाली.

मी हसले. दोऱ्याचं टोक पाण्याच्या वाटीत बुडवून मी नुकतीच तिसरी सुई ओवली होती.

“उन्हाळा आहे मावशी. सगळ्यांच्याच तोंडाला कोरड पडते.”

“उनाळा मलाबी हायच की.” तिनं आपल्या दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, जिभेनं वळवलं आणि सुईकडे धड न बघताच नेढ्यातून पार केलं. “माजी सत्तरी झाली. तू सव्वीसची. तुजं तोंड माज्याआदी वाळलं व्हय?”

“बरं, डॉक्टरांना विचारते,” मी म्हणाले. विचारणार नव्हते.

मिरजेत आम्ही तेव्हा हौसामावशीच्या घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. माझा नवरा गिरीश ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मावशी खाली एकटीच असायची आणि वाकळा, बाळांची दुपटी शिवायची. सुरुवातीला मी तिला अहोजाहो करायचे. “आगं, मी काय तुजी मास्तरीण हाय का,” म्हणून तिनंच ते बंद पाडलं.

आता ती माझ्यासाठी दुपटं शिवायला बसली होती, माझ्या आईच्या दोन जुन्या, पिठासारख्या मऊ साड्यांचं. तिच्या माहेरची रीत अशी की दुपट्याच्या सात सुया होणाऱ्या आईनं ओवायच्या, आणि दोरा तोंडात ओला करूनच ओवायचा. “आईच्या तोंडची ओल दोऱ्याला लागली म्हंजी दुपटं पोराला वळखतं,” ती म्हणायची. मला रीत आवडली होती. फक्त माझ्या ओठांतून दोरा जसा जाई तसाच कोरडा, पिंजारलेला बाहेर येई. म्हणून मी वाटी घेऊन बसले होते.

चैत्र चालू होता. समोरच्या शाळेच्या आवारात सावरीचं मोठं झाड होतं. त्याची बोंडं तडकत होती आणि कापूस दुपारभर गल्लीतून तरंगत असायचा. खिडकीतून आत यायचा, मावशीच्या खांद्यावर बसायचा, दम खाऊन पुन्हा निघायचा. मला पाचवा महिना लागला होता आणि माझंही काहीसं तसंच झालं होतं. पाय जमिनीवर होते, पण टेकल्यासारखे वाटत नव्हते. लोकांचं बोलणं शेजारच्या खोलीतून आल्यासारखं ऐकू यायचं. पोटातलं पहिलं फडफडणं मला त्याच आठवड्यात जाणवलं होतं, आणि मी ते दोन दिवस कुणालाच सांगितलं नव्हतं.

माझ्या गालात सतत आवळकाठी असायची. वाळवलेल्या आवळ्याची मीठ लावलेली फोड. ती असली की बोलता यायचं. नाहीतर जीभ टाळूला चिकटायची, हसलं की वरचा ओठ दातांवर अडकून बसायचा. भाकरीच्या प्रत्येक घासाला पाण्याचा घोट लागायचा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. या प्रत्येक गोष्टीचं माझ्याकडे वेगळं कारण तयार होतं. तोंडाला ऊन, डोळ्यांना वाचन आणि आवळकाठीला डोहाळे. सासूबाई फोनवर म्हणायच्या, “आंबट मागतेय ना, मग काही काळजी नाही.” मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाले होते. झाड उन्हात पाणी कसं राखतं यावर मी दोन वर्षं काम केलं होतं.

मावशीनं सात सुया एका चिंधीत टोचून ठेवल्या. माझ्याकडे पुन्हा एकदा बघितलं. काहीतरी बोलेल असं वाटलं, पण तिनं ओठ मिटले.

त्याच आठवड्यात माझी दाढ दुखायला लागली. गावातल्या दंतमहाविद्यालयात डॉक्टर रेहाना मुजावर मला भेटल्या. माझ्याच वयाच्या, पुढचं शिकत होत्या. त्यांनी तपासायला छोटा आरसा तोंडात घातला आणि बाहेर काढताना थांबल्या.

“आरसा चिकटतोय.”

“म्हणजे?”

“गालाच्या आतल्या बाजूला. चिकटायला नको, घसरायला पाहिजे.” त्यांनी खुर्चीचा दिवा बाजूला केला. “पाणी जास्त प्यावं लागतं का? जेवताना?”

“उन्हाळा आहे,” मी म्हणाले.

“उन्हाळा आमच्याकडेही आहे.” त्या हसल्या. “आपण तुमची लाळ मोजू या.”

“लाळ?”

“हो. सुई नको, एक्स-रे नको, पोटातल्या बाळाला कसला त्रास नाही. ताठ बसायचं, मान जरा पुढे झुकवायची आणि पंधरा मिनिटं गप्प राहायचं. गिळायचं नाही, चघळायचं नाही. तोंडात आपसूक जी जमेल ती पेल्यात सोडायची. आधी दीड तास काही खायचं-प्यायचं नाही.”

“त्यातून काय कळतं?”

“कधीकधी पुष्कळ. काही आजारांत शरीर आपल्याच लाळेच्या ग्रंथींवर उठतं. बाकी कुठं काही दिसत नाही, इथं दिसतं. लाळ कमी भरली तर मग रक्त तपासायचं.”

‘आजार’ हा शब्द घेऊन मी घरी आले. रिक्षात, जिन्यावर, कणीक मळताना तो माझ्याबरोबर होता. दोन वर्षं वाट बघून दिवस गेले होते. फाइलवर एकदा काही लिहिलं गेलं की मग गोळ्या, इंजेक्शनं, लोकांच्या नजरा. मला ते पान कोरं हवं होतं.

“किती भरली पाहिजे?” गिरीशनं विचारलं.

“पंधरा मिनिटांत दीड मिलिलिटरच्या वर.”

“म्हणजे पासिंगला दीड.” तो वह्या तपासत होता, मान वर न करता म्हणाला, “तू आजवर कधी नापास झालीयस का?”

तो गंमत करत होता. मलाही तेव्हा गंमतच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महाविद्यालयाच्या त्या खोलीत मान झुकवून बसले तेव्हा माझ्या गालात आवळकाठी होती. विसरून राहिली असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. विसरले नव्हते. बाहेर बाकावर बसल्या बसल्या मी ती जिभेनं मागं ढकलली होती, खालच्या दाढेच्या आणि गालाच्या फटीत, जिथं कुणाला दिसणार नाही.

“तोंडात काही नाही ना?” डॉक्टर मुजावरांनी विचारलं.

“नाही.”

वरती पंखा फिरत होता. पेल्याच्या तळाशी पहिला थेंब पडला, मग दुसरा. आवळ्याचा तुरटपणा हळूहळू गोड होत गेला. माझे डोळे मिटले आणि मला पोटातलं बाळ पाण्यात आडवं, निवांत तरंगताना दिसलं, तोंड उघडून त्या पाण्याचे घोट घेताना. आम्ही दोघं मिळून परीक्षा देतोय असं वाटत होतं, आणि आमचा पेपर सोपा गेला होता.

“चार,” डॉक्टर मुजावर म्हणाल्या. त्यांनी पेला उजेडात धरला. “चांगली आहे की. भरपूर.” त्यांच्या कपाळावर एक आठी तशीच राहिली. “मग आरसा का चिकटला? असो. डोळे खुपायला लागले किंवा कोरड वाढली तर लगेच या. नक्की.”

डोळे तर तेव्हाच खुपत होते. मी हो म्हणाले आणि बाहेर आले. दारातच आवळकाठी कागदात थुंकून टाकली, जिना उतरेपर्यंत दुसरी तोंडात टाकली.

त्यानंतरचे तीन आठवडे मला आजही सगळ्यांत स्पष्ट आठवतात, कारण ते फार सुखाचे होते. नेहमीच्या डॉक्टरांनी अठराव्या आठवड्यात बाळाचे ठोके ऐकवले होते, मिनिटाला एकशे शेहेचाळीस, ओल्या मैदानावरून घोडं दौडत यावं तसे. तो आवाज मी कानात घेऊन फिरत होते. संध्याकाळी गिरीशबरोबर कृष्णेच्या घाटावर जायचे. नदी आटली होती. मधल्या वाळूत लोकांनी कलिंगडं लावली होती. पायऱ्यांवर बसून मी अर्धवट झोपेत असायचे आणि त्या वाळूवरून एक लहान मूल चालत आमच्याकडे येताना मला दिसायचं. ते कधीच जवळ यायचं नाही, पण थांबायचंही नाही.

वैशाखातल्या एका दुपारी मावशीनं खालून हाक मारली. दुपट्याचं मधलं शिवून झालं होतं. काठासाठी पुन्हा सात सुया ओवायच्या होत्या.

मी बसले आणि वाटीसाठी हात पुढे केला. मावशीनं वाटी उचलली आणि आपल्या पाठीमागं ठेवली.

“वाटीबिगर ओव.”

“मावशी, जमत नाही गं मला.”

“गालात काय हाय?”

“आवळकाठी. डोहाळे.”

“काढ.”

तिचा आवाज चढला नव्हता. तिनं हात पुढे केला, लहान मुलाच्या तोंडातून खडा काढायला करतात तसा. मी फोड काढून तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं ती पदराच्या टोकाला बांधली आणि म्हणाली, “आता जरा गप बस.”

आम्ही गप्प बसलो. कापूस केव्हाच सरला होता, झाडाला हिरवी पानं आली होती. पाच मिनिटं गेली असतील. माझी जीभ आधी जड झाली, मग खरखरीत. मग ती माझी राहिलीच नाही, कुणीतरी तोंडात चामड्याचा तुकडा ठेवल्यासारखी झाली. मावशीनं दोऱ्याचं टोक माझ्या ओठांत दिलं. मी ते जिभेवर फिरवलं, दाबलं, ओढलं. तिनं ते खिडकीपाशी नेऊन बघितलं, आणि दोन बोटांत चोळलं. दोरा उन्हात वाळत घातल्यासारखा कोरडा होता.

मावशी उठली. ट्रंक उघडून तिनं खालून एक गाठोडं काढलं. त्यात दोन दुपटी होती, घडीवर पिवळी पडलेली, कधी न धुतलेली.

“ही कुणाची?”

“माज्या धाकल्या जावंच्या पोरांची. सोना नाव हुतं तिचं.” तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली नाही, आपल्याच मांडीवर धरून बसली. “तिचंबी आसंच. दोरा ओला व्हायचा न्हाई. आमी हसायचो तिला, रोज एक घागर पिते म्हनायचो. आन् तोंडात कायम चिंच. मीच आनून द्यायची चिंचा, डोहाळं लागल्यात म्हनून. झाडावर चढून काढायची मी तिच्यासाठी.”

“मग?”

“पयलं सातव्या म्हैन्यात पोटातच गेलं. दुसरं एक दिवस जगलं. सुईणीनं माजा हात त्येच्या छातीवर ठेवला. ठोका यायचा. मग वाट बघायची. लई वाट बघायची. मग दुसरा.” मावशीनं दुपट्यावरून हात फिरवला. “लोक तिलाच बोलली. पोट कडू म्हनली. त्या तोंडाचा आन् ह्या ठोक्याचा काय संबंद हाय का न्हाई, मला अडाणीला काय ठावं. पन तू वाटीत दोरा बुडवलास आन् मला सोना दिसली.”

“मला त्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“पोटुशीला आसलं सांगू न्हाई म्हनत्यात. तीन आटवडं जीभ चावून बसले.” तिनं वर बघितलं. “तू दवाखान्यात गेलीस म्हनून जरा बरं वाटलं हुतं. त्यांनी काय सांगितलं?”

तेव्हा मी तिला सांगितलं. पेल्याचं, चार मिलिलिटरचं आणि दाढेमागच्या आवळकाठीचं. गिरीशलाही सांगितलं नव्हतं ते. ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं फक्त चपला घातल्या.

“चल.”

“आत्ता? काही खाल्लेलं-प्यालेलं चालत नाही गं. दीड तास—”

“मग तितं जाऊन बसू दीड तास.”

डॉक्टर मुजावरांना मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्या खुर्चीवर बसल्या. “मी तोंड उघडायला सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “आरसा चिकटला होता, तरी मी पेल्यावर विश्वास ठेवला.” जुन्या कागदावर चारच्या आकड्यासमोर त्यांनी लिहिलं, ‘तोंडात आवळा होता.’ मग नवा पेला काढला.

ती पंधरा मिनिटं. तोच पंखा, तीच खुर्ची. माझ्या मागं मावशी भिंतीला टेकून बसली होती. मी मान झुकवली आणि तोंड उघडं ठेवून वाट बघितली. पेल्याचा तळ पांढरा, स्वच्छ दिसत होता. मी नदीचा विचार केला, पावसाळ्यात घाटाच्या वरच्या पायरीपर्यंत येणाऱ्या पाण्याचा. बाळाचा विचार केला. कुठंतरी एक धागा लोंबला, पांढरा, फेसाळ, आणि पेल्यात पडायला फार वेळ लावला. ते मूल वाळूवरून चालत होतं. या वेळी मला वाटलं की ते थांबून माझ्याकडे बघतंय.

“पाव मिलिलिटर,” डॉक्टर मुजावर म्हणाल्या. “तेवढीही नाही.” त्यांनी फोन उचलला होता. “रक्त आजच देऊन जा. आणि तुमच्या डॉक्टरांना मी आत्ताच सांगते, बाळाचे ठोके आज ऐका.”

त्या दिवशी ठोके ऐकले. घोडं नव्हतं. कुणीतरी दूरवर, सावकाश, उखळात काही कांडत होतं. मिनिटाला चौसष्ट.

पुढच्या चार दिवसांत आम्ही पुण्याला, बाळांचं हृदय जन्माआधी तपासणाऱ्या डॉक्टरांकडे पोचलो. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर राखाडी सावल्या हलत होत्या. वरचे दोन कप्पे भराभर उघडमीट करत होते. खालचे दोन आपल्याच संथ चालीत होते, वरच्यांची हाक त्यांच्यापर्यंत जात नसल्यासारखे. तोवर रक्ताचाही अहवाल आला होता. डॉक्टर मुजावरांना जो संशय होता तोच आजार, शरीर आपल्याच ग्रंथींवर उठण्याचा. माझ्या रक्तातल्या ज्या प्रतिद्रव्यांमुळे माझं तोंड आणि डोळे वाळत होते तीच वारेतून बाळाकडे गेली होती. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा निरोप खालच्यांना पोचवणारी जी वाट असते, ती त्यांनी बंद केली होती.

“तीन आठवड्यांपूर्वी आलो असतो तर?” मी विचारलं. गिरीशनं माझा हात धरला, कारण तोवर त्यालाही सगळं सांगून झालं होतं.

डॉक्टर वयस्कर होते. “कदाचित वाट अर्धवट बंद झालेली सापडली असती, काही औषध देऊन बघितलं असतं. कदाचित त्यानंही फरक पडला नसता. खरं सांगायचं तर मला माहीत नाही, आणि तुम्हालाही कधी कळणार नाही.” मग म्हणाले, “आता आपल्याला कळलंय, ही मोठी गोष्ट आहे. दर आठवड्याला बघत राहू. बाळ इथंच जन्माला येईल, सगळी तयारी ठेवून. न कळता घरी कळा सुरू झाल्या असत्या, तर गोष्ट वेगळी होती.”

सदतिसाव्या आठवड्यात आमची मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटाच्या कातडीखाली एक लहानसं यंत्र बसवलं, खालच्या कप्प्यांना हाक देणारं. तिला घरी आणलं तेव्हा हौसामावशी दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं तो ओवाळून टाकला, बाळाला घेतलं आणि सगळ्यांत आधी आपला तळवा तिच्या छातीवर ठेवला. बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “येतोय. लगोलग येतोय.”

आम्ही तिचं नाव शाल्मली ठेवलं, त्या सावरीच्या झाडावरून. आता ती सहा वर्षांची आहे. पोटाच्या त्या उंचवट्याला ती ‘माझं घड्याळ’ म्हणते आणि नव्या मैत्रिणींना हात लावू देते. जिन्यावरून धावत गेली की मी अजून पायऱ्या मोजते. तिच्या कपाळाचा पापा घेताना माझे ओठ तिच्या छातीपर्यंत उतरतात, आणि तिला ते समजतं. “चालू आहे गं आई,” ती म्हणते.

मी माझ्या गोळ्या घेते, पाण्याची बाटली सोडत नाही. तीन आठवड्यांचं काय, या प्रश्नाबरोबर राहायलाही शिकले आहे, म्हणजे तो रोज येतो आणि मी त्याला बसायला जागा देते. मावशीला आता दिसत नाही फारसं. तिच्या सुया मी ओवते, वाटीत दोरा बुडवून. ती काही म्हणत नाही. सोनाच्या मुलांची दुपटी तिनं मागच्या वर्षी स्वतःच्या हातानं धुतली आणि उन्हात टाकली.

हे सगळं मी लिहिलं ते एवढ्याचसाठी. तुमच्या घरात, शेजारात, तुमच्या ऑफिसात कुणी बाई असेल, प्रत्येक घासाला पाणी पिणारी, हसताना ओठ दातावर अडकणारी, डोळे चोळत राहणारी. तिला दिवस गेले असतील आणि ती गालात सतत काही आंबट धरून बसत असेल, तुम्हीच कौतुकानं ते आणून देत असाल. आज तिच्याकडे जा. उन्हाळा आहे असं ती म्हणेल. म्हणू द्या. तिच्यापुढे हात पसरा, गालातलं काढायला सांगा, थोडा वेळ तिच्याजवळ गप्प बसा, आणि मग तिच्या हातात एक दोरा द्या.